तीन ओळींचं कूळ

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर उतरवून घेतलं की ते बसवायचं कसं, हे आमच्या वेळी तीन ओळींत संपायचं: डॉट-स्लॅश-कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. आम्ही त्या पाढ्यासारख्या पाठ केल्या होत्या. म्हणताना कॉन्फिगर पहिलं येतं. पण वयानं मेकच थोरलं, चांगलं पंधरा वर्षांनी.

गोष्ट 1976 सालची, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधली. ‘याक’ नावाचं साधन लिहिणारा स्टीव्ह जॉन्सन एका सकाळी नशिबाला बोल लावत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. प्रोग्रॅममधली चूक त्यानं केव्हाच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. जोडला जात होता तो जुनाच तुकडा, आणि हा मात्र बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये सकाळभर चूक शोधत बसला होता. फेल्डमनची आदली संध्याकाळही याच भानगडीत गेली होती. त्यानं त्या शनिवार-रविवारी मेक लिहून काढलं.

युक्ती साधीच. कुठली फाइल कशापासून बनते ते मेकफाइलमध्ये लिहून ठेवायचं. मेक दोन्हींच्या वेळा ताडून पाहतं. कणीक आत्ताची आणि पोळी सकाळची असेल, तर ती पोळी शिळी; पुन्हा लाटा. बाकीच्यांना हात लावायचा नाही.

मेकफाइलमधली आज्ञेची ओळ मात्र टॅबनंच सुरू व्हावी लागते. आठ स्पेस दिल्या तर डोळ्याला काहीच फरक दिसत नाही, पण मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतं. यापायी नवशिक्यांचे किती तास गेले असतील! फेल्डमनला आधी जे करायचं होतं ते जमेना, म्हणून त्यानं ओळीच्या आरंभी टॅब ही सोपी खूण ठेवून दिली. काही आठवड्यांत डझनभर लोक मेक वापरू लागले, त्यातले बहुतेक मित्रच. त्यांची पंचाईत नको म्हणून टॅब तसाच राहिला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती डझनभरांची होती आणि फेडतंय अख्खं जग.

पुढे युनिक्सची घराणी वाढली. एकाकडे असलेलं फंक्शन दुसऱ्याकडे नसायचं, असलं तरी नाव वेगळं. 1991 च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ग्नूची बरीच छोटी-मोठी साधनं सांभाळत होता. बसवणाऱ्यानं मेकफाइल उघडून हातानं निवडायचे पर्याय विसाच्या घरात गेले होते. मग त्यानं एक शेल स्क्रिप्ट लिहिली, तेच हे कॉन्फिगर. लॅरी वॉलच्या पर्ल भाषेबरोबर अशी स्क्रिप्ट आधीपासून होती, पण ती माणसालाच प्रश्न विचारी. मॅकेन्झीची स्क्रिप्ट यंत्राला विचारायची. चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहायचा, कंपाइल होतो का पाहायचं. झाला तर सोय आहे, नाही तर नाही. पुढच्या वर्षी अशा स्क्रिप्टा तयार करून देणारं ऑटोकॉन्फ आलं. पडद्यावर सरसर जाणाऱ्या ‘चेकिंग... येस’च्या ओळी म्हणजे हीच झडती.

आणि तो डॉट-स्लॅश? ‘याच डिरेक्टरीतलं’ एवढाच त्याचा अर्थ. आज्ञा शोधताना युनिक्स सहसा पायाखालच्या डिरेक्टरीत बघत नाही. तिथे कुणी ओळखीच्या नावाची लबाड फाइल ठेवली असेल तर!

हे सगळं येतं टारच्या गाठोड्यात. टार म्हणजे टेप आर्काइव्ह. टेपा गेल्या, नाव राहिलं. गाठोडं सोडलं की आधी रीडमी आणि इन्स्टॉल या फाइली वाचायच्या. त्यांची नावं कॅपिटल अक्षरांत असतात, कारण जुन्या यादीत कॅपिटल अक्षरं आधी लागत.

मेक इन्स्टॉलची खोड वेगळी: फाइली जागोजागी ठेवून देतं, वही ठेवत नाही. काढून टाकायची वेळ आली की शोधत बसा. लिनक्सच्या डेबियनसारख्या वितरणांनी ती वही घातली. 1999 मध्ये त्यांच्या 2.1 आवृत्तीत आलेल्या ॲप्टनं तर एका ओळीत काम भागवलं.

तरी एखादं सॉफ्टवेअर ॲप्टकडे नसतंच. मागच्या पावसाळ्यात घरच्या जुन्या संगणकावर असंच एक बसवायला घेतलं. कॉन्फिगर पहिल्या काही ओळींतच थांबलं. तिथे एक विचित्र तपासणी असते: बांधणीचं वातावरण शहाणं आहे का? आत्ता बनवलेली फाइल आलेल्या फाइलींहून जुनी निघाली, तर वेळा ताडणारं मेक काय करणार? मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेला होता आणि संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. मी मात्र तासभर कंपायलर उलटापालटा करत होतो. सेल बदलला, तारीख लावली, पुन्हा चालवलं. त्या ओळीपुढे ‘येस’ उमटलं.