ध्रुवीय निर्देशकांतील त्वरण

ध्रुवीय निर्देशकांतील त्वरण : प्रतलात फिरणाऱ्या कणाचे स्थान ध्रुव या स्थिर बिंदूपासूनचे अंतर (त्रिज्या) आणि ठरावीक आधाररेषेशी होणारा कोन या दोन राशींनी मांडून, त्यांच्या कालसापेक्ष अवकलनाने काढलेले त्वरण.

कार्तीय पद्धतीत अक्षांच्या दिशा स्थिर असतात. ध्रुवीय पद्धतीत मात्र त्रिज्येच्या दिशेचा अरीय आणि तिला काटकोनात, कोन वाढण्याच्या दिशेचा अनुप्रस्थ, हे दोन्ही एकक सदिश कणाबरोबर वळत असल्यामुळे त्यांचेही अवकलन करावे लागते. अरीय एकक सदिशाचा अवकलज म्हणजे कोनीय वेगाने गुणलेला अनुप्रस्थ एकक सदिश होय. अनुप्रस्थ एकक सदिशाचा अवकलज म्हणजे त्याच वेगाने गुणलेला, पण ध्रुवाकडे रोखलेला, अरीय एकक सदिश होय. म्हणून स्थान-सदिशाचे दोनदा अवकलन केल्यावर पुढील घटक मिळतात :

अरीय घटक = त्रिज्येचा द्वितीय अवकलज − त्रिज्या × (कोनीय वेग)²

अनुप्रस्थ घटक = त्रिज्या × कोनीय त्वरण + २ × त्रिज्येचा प्रथम अवकलज × कोनीय वेग

पहिल्या सूत्रातील ऋण पदाला अभिकेंद्री, तर दुसऱ्यातील शेवटच्या पदाला कोरिऑलिस पद म्हणतात.

शहापूर तालुक्यातील कसारा घाट किंवा मुरबाड तालुक्यातील माळशेज घाट यांसारख्या रस्त्यांवरील वळणांना ही सूत्रे लावता येतात. उतार दुर्लक्षून वळणाची त्रिज्या ५० मीटर आणि वाहनाचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, मानल्यास कोनीय वेग सेकंदाला ०.२ रेडियन येतो. वाहन वर्तुळावरच राहिले, तर त्वरण केंद्राकडे २ मीटर प्रति वर्ग सेकंद, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या सुमारे एक-पंचमांश, असते. वेग दुप्पट केल्यास ते चौपट होते. मूळ वेग असताना, त्रिज्या ५० मीटर असलेल्या क्षणी, कोनीय वेग कायम राखून वाहन सेकंदाला २ मीटर या स्थिर दराने आतल्या बाजूस सरकत असेल, तर कोनीय त्वरण शून्य असूनही अनुप्रस्थ घटक −०.८ येतो. त्यापैकी निम्मा भाग त्रिज्या घटल्यामुळे अनुप्रस्थ वेग कमी होण्याचा, तर निम्मा अरीय वेगाची दिशा वळण्याचा असतो. दोन्ही घटकांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढल्यास एकूण त्वरण सुमारे २.१५ मीटर प्रति वर्ग सेकंद मिळते. अशा गणितांत कोन अंशांऐवजी रेडियनमध्येच घ्यावा लागतो.

बल सतत ध्रुवाकडेच रोखलेले असल्यास अनुप्रस्थ घटक शून्य होतो आणि त्रिज्येचा वर्ग व कोनीय वेग यांचा गुणाकार स्थिर राहतो. योहानेस केप्लर यांनी १६०९ मध्ये प्रसिद्ध केलेला समान क्षेत्रफळांचा नियम हे त्याचेच रूप असून, त्याची भूमितीय सिद्धता आयझॅक न्यूटन यांनी १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात दिली.