आलेखातील सूची : रेषांना नाव देण्याची रीत

भूगोलाच्या पुस्तकातील नकाशाच्या कोपऱ्यात चिन्हांचा अर्थ सांगणारी चौकट असते. तिला सूची म्हणतात. आलेखातील कोणती रेषा वा कोणता रंग कशाचा, हे सांगणारी चौकटही सूचीच होय. संगणकाच्या परिभाषेत तिला ‘लेजंड’ म्हणतात. सूची चुकली, तर अचूक आकडेवारीवरूनही वाचक चुकीचा निष्कर्ष काढतो.

‘पायथन’ भाषेत आलेख काढण्यासाठी ‘मॅटप्लॉटलिब’ हा आज्ञासंच सर्वत्र वापरला जातो. जॉन हंटर यांनी निर्माण केलेला हा संच २००३ मध्ये प्रथम उपलब्ध झाला. समजा, पणजी व मुरगाव येथील मासिक पर्जन्यमान दोन रेषांनी दाखवायचे आहे. सूची जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात, प्रत्येक रेषा काढणाऱ्या ‘प्लॉट’ आज्ञेतच ‘लेबल’ म्हणून तिचे नाव लिहायचे आणि सर्व रेषा काढून झाल्यावर ‘लेजंड’ ही आज्ञा द्यायची. दुसऱ्यात, रेषा निनावी काढून नावांची यादी शेवटी ‘लेजंड’ला पुरवायची.

दुसरा मार्ग सोपा भासतो. परंतु त्यात नाव व रेषा यांचा संबंध केवळ क्रमावर अवलंबून राहतो. पुढे कोणी आज्ञांचा क्रम बदलला, तर पणजीचा पाऊस मुरगावच्या नावे दिसू लागतो आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही. पहिल्या मार्गात नाव रेषेसोबतच राहते. म्हणून तोच ग्राह्य मानावा.

सूचीचे स्थान ‘लॉक’ या निर्देशाने ठरते. तो न दिल्यास रेषांना कमीत कमी झाकणारी जागा संगणक स्वतः शोधतो; विदा फार मोठी असल्यास या शोधाला वेळ लागतो. आलेखात मोकळी जागाच नसेल, तर ‘बीबॉक्स टू अँकर’ या निर्देशाने सूची चौकटीबाहेर नेता येते.

‘आर’ भाषेतील ‘जीजीप्लॉट-टू’ची रीत निराळी आहे. तेथे रंगाचा संबंध विदेतील एखाद्या स्तंभाशी जोडला, की सूची आपोआप तयार होते.

मराठी नावांसाठी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. मॅटप्लॉटलिबच्या मूळ टंकात देवनागरी अक्षरे नसल्याने त्यांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटते. ‘नोटो सॅन्स देवनागरी’सारखा टंक निवडल्यावर अक्षरे दिसतात, तरीही ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे यथास्थित उमटली आहेत का, हे प्रसिद्धीपूर्वी डोळ्यांनी तपासावे.

लाल व हिरवा हा भेद काहींना ओळखता येत नाही. म्हणून रंगासोबत अखंड व तुटक रेषांचाही उपयोग करावा. रेषा दोन-तीनच असतील, तर नाव थेट रेषेलगत लिहिणे अधिक सुबोध ठरते. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ च्या आपल्या ग्रंथात आयात-निर्यातीच्या रेषांवर अशीच नावे लिहिली होती.