धोट्याचे तोंड आणि मागाचा आवाज

मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्याची मजुरी रिंगखात्यापेक्षा बरीच जास्त. पण साचाखात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगाराला शिरकाव नव्हता. कारण होता धोटा. कांडी बदलली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई, आणि तिथे विटाळ आडवा येई. 1928 च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. खरे तर त्या धोट्याला सगळ्यांनीच भ्यायला हवे होते. थुंकी, खळ, सुताची धूळ, सारे त्याच भोकातून घशाकडे जाई. लँकेशायरमध्ये याच पद्धतीविरुद्ध क्षयाच्या धास्तीने आवाज उठला होता. आपल्याकडे धास्ती होती ती जातीची.

भिवंडीचे वळण निराळे. 1857 नंतर उत्तरेतून आलेले मोमीन अन्सारी विणकर इथे हातमागावर बसले, तेलंगणातून पद्मशाली आले. विणकाम हीच या माणसांची ओळख. पुढे यंत्रमाग आले, आणि 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईचे बरेचसे कापड इथल्या मागांवर आणून टाकले. मागावर उभा राहणारा आता बहुधा उत्तर प्रदेश-बिहारचा परप्रांतीय: बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, जेवण बिसीत.

1948 चा कारखाना कायदा, वीज वापरली जात असेल तर, दहा कामगारांपासून लागू होई. मग एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवायचे, म्हणजे कारखानाच उरत नाही! याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस होता, गोंगाटाने येणारे बहिरेपणही होते. भिवंडीत मला दुसरे जास्त मोलाचे वाटते. बिसिनोसिसचा जोर पिंजणी आणि धुनाईच्या खात्यांत. इथे सूत तयार येते, त्यातही कृत्रिम धाग्याचे पुष्कळ. मागांचा खडखडाट मात्र अखंड. शेजाऱ्याशी हातवाऱ्यांनी बोलणारा कामगार आपण बहिरे होतो आहोत असे सांगत नाही. मीटरवर मजुरी असताना तपासणीला गेलेला दिवस त्याच्याच खिशातून जातो.

आणि खोकला बळावला, अंगात त्राण उरले नाही, की तो गाडी पकडून गावी जातो. भिवंडीच्या मागावर मग धडधाकट माणसेच दिसतात. आजारी माणूस पूर्वांचलातल्या एखाद्या दवाखान्याच्या ओळीत उभा असतो, आणि तिथल्या केसपेपरवर त्याचा धंदा ‘शेती’ असा लिहिला गेला तर नवल नाही.