खाणयंत्र, आभासी चलनाचे (घरगुती)

बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या सामायिक नोंदवहीत व्यवहारांचा नवा गट जोडण्याच्या स्पर्धेत उतरून मोबदल्यादाखल नवी नाणी मिळवण्यासाठी वापरले जाणारे संगणकीय यंत्र. दिलेल्या मजकुरापासून ठरावीक लांबीची संख्या काढण्याच्या क्रियेला ‘हॅश’ म्हणतात. विवक्षित मर्यादेहून लहान संख्या हाती येईपर्यंत यंत्र ही क्रिया अखंड करत राहते. एक लक्ष कोटी हॅश म्हणजे एक टेराहॅश; यंत्राचा वेग सेकंदाला किती टेराहॅश यात मोजतात.

प्रकार : २००९ मध्ये बिटकॉइनसाठी साधा संगणक पुरत असे. २०१० पासून ग्राफिक कार्डे आणि २०१३ पासून याच एका कामासाठी घडवलेल्या चिपांची यंत्रे (‘एसिक’) प्रचारात आली. इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये खाणपद्धतीच सोडल्याने ग्राफिक कार्डांचा मुख्य आधार गेला. मोनेरो हे चलन मात्र साध्या प्रोसेसरलाच अनुकूल राहील, अशी त्याची रचना मुद्दाम केलेली आहे.

निवडीचे निकष : जाहिरातीत वेग ठळक छापला जात असला, तरी निर्णायक आकडा एका टेराहॅशमागे किती जूल ऊर्जा खर्च होते हाच होय. बिटमेन कंपनीच्या अँटमायनर एस९ (२०१६) या यंत्रास सुमारे १०० जूल लागत, एस१९ प्रो (२०२०) यास सुमारे ३०, तर एस२१ (२०२३) यास १७.५ जूल लागतात. त्यामुळे स्वस्तात मिळणारे जुने यंत्र वीजबिलाच्या रूपाने महाग पडते. एस२१ सुमारे ३,५०० वॉट वीज घेते, म्हणजे दिवसाला ८४ आणि तीस दिवसांत २,५२० युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत असल्याने यांतील बहुतेक युनिटे सर्वांत वरच्या दरात मोडतात. २३० व्होल्टवर हे यंत्र १५ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. गीझरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटची ही जवळजवळ कमाल मर्यादा असून, गीझर काही मिनिटांत बंद होतो, हे यंत्र मात्र चोवीस तास चालते. म्हणून पुरेशा जाडीच्या तारेची स्वतंत्र वायरिंग, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग यांचा खर्च किमतीतच धरणे योग्य ठरते. घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. थंड प्रदेशांत काही जण ती खोली उबदार ठेवण्यास वापरतात, परंतु नागपूरच्या मे महिन्यात ती बाहेर घालवण्याचाच प्रश्न उभा राहतो. पंख्यांचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, त्यामुळे सदनिकेत अशी यंत्रे सहसा निभत नाहीत.

बिटॅक्ससारखी मुक्त आराखड्याची छोटी यंत्रे सुमारे १५ ते २० वॉटवर जवळजवळ निःशब्द चालतात. तथापि संपूर्ण जाळ्याचा वेग ६० कोटी टेराहॅश धरल्यास १.२ टेराहॅशच्या अशा एकट्या यंत्राला मोबदला मिळण्यास सरासरी साडेनऊ हजार वर्षे लागतील. ही सोडतच होय. उत्पन्न नियमित हवे असल्यास अनेकांचा वेग एकत्र करून मोबदला वाटून घेणाऱ्या ‘पूल’मध्ये सामील व्हावे लागते.

परतावा : एप्रिल २०२४ पासून मोबदला दर गटामागे ३.१२५ बिटकॉइन असून तो दर सुमारे चार वर्षांनी निम्मा होतो.

करआकारणी : भारतात २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि खाणकामाच्या पायाभूत सुविधांवरील खर्च संपादनखर्च मानला जात नाही.

देखभाल : यंत्रातील धूळ नियमित काढावी लागते.