छडी आणि छात्रालय



कोगनोळीच्या या सीमाभागात भाषेवरून चिडवले गेलेले मूल एखाद्या दिवशी हात उगारते आणि आपल्याला तेवढा उगारलेला हातच दिसतो. माझ्या विद्यार्थिदशेत त्यावर छडी हेच उत्तर असे.

साने गुरुजींचे उत्तर निराळे होते. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात रुजू झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आले. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या त्यांनी स्वतः झाडल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, ‘छात्रालय दैनिका’तून मुलांशी संवाद साधला.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. मात्र छडी सुटलेला हात मुलाच्या पाठीवर ठेवणे आपल्यालाच शिकावे लागेल. मार खाल्लेल्याला आधी अभय द्यावे, मग मारणाऱ्यालाही जवळ बसवून विचारावे, “बाळ, तुला कोणी दुखावले?”