तळटीप १४ : क्योबेस

१४. क्योबेस : कोलोनमधील जुन्या ब्राउहाउसांतला, म्हणजे बिअर गाळणाऱ्यांच्या खाणावळींतला, वाढपी. निळा सदरा, कमरेला लांब एप्रन आणि फटकळ जीभ हा त्याचा ठरलेला थाट. पाणी मागणाऱ्याची तो थट्टा करणारच, त्यात अपमान मानू नये. क्योल्श ही फिकट बिअर उभट, अरुंद पेल्यातून येते, एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर. पेला रिता झाला की न विचारता दुसरा हजर, आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीची आणखी एक रेघ. बिल या रेघा मोजूनच होते. पुरे झाले असेल तर चकती पेल्यावर झाकायची. प्रस्तुत प्रसंगात पाहुण्याने नुसतेच 'नको, नको' म्हटले आहे. क्योल्श हे नाव १९८६च्या करारानुसार कोलोन परिसरातल्या बिअरसाठीच राखीव आहे.