खानावळवालीची उधारी

आपल्या गटांच्या बैठकांत एक प्रश्न हल्ली पुन्हा पुन्हा निघतो. धंदा बरा चाललेला असताना अचानक गिऱ्हाईकच नाहीसं झालं तर काय करायचं? टाळेबंदीत ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण आपल्याच मुलखाशी नातं असलेल्या बायांनी मुंबईत हे खूप आधी सोसलं होतं. आज त्या गिरणगावातल्या खानावळवाल्यांविषयी बोलते.

आपल्याकडचा चाकरमानी मुंबईला जायचा तो बायको-पोरं गावी ठेवून. लालबाग-परळच्या एकेका खोलीत कितीतरी पुरुष राहायचे, गिरणीच्या पाळीप्रमाणे झोपायचे. त्यांच्या पोटाची सोय करायची ती खानावळवाली. कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी, कोणाची स्वतःचीच गिरणीतली नोकरी गेलेली. पूर्वी गिरण्यांत बाया बऱ्याच असत, पुढे त्यांची संख्या घटत गेली, हेही विसरू नका. पहाटे उठून डबे भरायचे, रात्री पंगत वाढायची आणि पैसे मिळायचे पगार झाल्यावर, महिन्याने. तोवरचं तांदूळ, तेल, रॉकेल हिच्या पदरचं. पदरी नसेल तर वाण्याची उधारी, नाहीतर सावकाराचं व्याज. नीट पाहिलं तर ही बाई नुसतं जेवण रांधत नव्हती, कामगाराला दर महिन्याला कर्ज देत होती. सरकारदरबारी मात्र तिचा धंदा कुठे लिहिलेला नव्हता.

१९७४ साली गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. पगार बंद, पण जेवणारे तेच. त्यांना उपाशी कसं ठेवणार? बायांनी उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात रुतल्या. संपाचा इतिहास सांगताना पुढाऱ्यांची भाषणं येतात, ही उधारी फारशी येत नाही. मला ते खटकतं.

कामगार चळवळीत असलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या मात्र ती नजरेत आली. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातून आलेल्या. १९७५ मध्ये त्यांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सुरुवातीला १४ जणी होत्या. १९६९ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गरिबांना वर्षाला ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजनाही निघालेली होती. पण तारण नसलेल्या बाईला बँकेच्या दारात कोण उभं करणार? मंडळाने बायांचे छोटे गट केले. एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन. आज आपल्याला यात नवल वाटत नाही, पण नाबार्डने बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली ती १९९२ मध्ये, म्हणजे त्यानंतर १७ वर्षांनी!

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप मागे घेतल्याचं कधी जाहीरच झालं नाही. आपला सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वर्षाचाही नव्हता, १ मे १९८१ ला झालेला. चाकरमानी गाठोडी घेऊन गावाकडे परतू लागले, मनीऑर्डरी थांबल्या. इकडे दुकानदाराची वही भरत गेली आणि तिकडे खानावळवालीची.

अनेक खानावळी तेव्हा कायमच्या बंद पडल्या. ज्या टिकल्या त्यांच्याकडे नवीन अशी कला काहीच नव्हती. तेच पोळी-भाजी, तेच वरण-भात. बदललं ते जेवणारं तोंड. गिरणीचं गिऱ्हाईक संपल्यावर मंडळ कचेऱ्यांचे डबे, समारंभांचं जेवण यांकडे वळलं. हे म्हणायला सोपं आहे. दोनशे पानांची ऑर्डर एका बाईच्या एका स्टोव्हवर निघत नाही. मोठी भांडी लागतात, आगाऊ रक्कम मागावी लागते, बिल करावं लागतं, चव दहा हातांची असली तरी एकच लागावी लागते. एकटीला हे जमलं नसतं. मंडळाचा पसारा वाढला, वाशीला मोठं केंद्र झालं, पुण्यातही पुढच्या पिढीने कर्जाचं आणि विम्याचं काम वाढवलं.

माझ्या मते खरी मेख तारखांमध्ये आहे. गट बांधले गेले १९७५ ला, मोठा घाव बसला १९८२ ला. मधल्या सात वर्षांत बँकेत पत तयार झालेली होती, एकमेकींची खात्री पटलेली होती. संप सुरू झाल्यावर जामीन शोधत फिरल्या असत्या तर सावकाराशिवाय कोणी भेटलं नसतं.

आता आपल्याकडे पाहू. आपले काही गट काजूगर एकाच व्यापाऱ्याला देतात. काहींचं कोकम सरबत मालवणच्या पर्यटकांवरच चालतं, पाऊस लागला की विक्री थांबते. २०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या अडखळल्या तेव्हा कोकणातल्या कित्येक बागायतदारांनी हापूसच्या पेट्या मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पोचवल्या. ज्यांच्याकडे आधीपासून चार ओळखी, चार फोन नंबर होते त्यांना ते लवकर जमलं.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीला येताना हिशेबाच्या वहीत दोन आकडे काढून आणा. आपल्या मालातला किती माल सगळ्यात मोठ्या एका गिऱ्हाइकाकडे जातो आणि आज आपली किती उधारी बाहेर अडकली आहे. सचिवताईंनी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. आकडा नको तेवढा मोठा निघाला तर त्याच बैठकीत दुसरं गिऱ्हाईक कोण, याची नावं लिहायला घेऊ.